सिगारेट सोडायची होती, टपरीवरची माणसं नाही

मंगळवार, सेकंड शिफ्ट सुटल्यावर

आज डोकं जड होतं, चिडचिड पण झाली, पण ओढली नाही. तलफ ठरलेल्या वेळेलाच येते हे आता लक्षात यायला लागलंय, जेवण झाल्या झाल्या, बाइक स्टँडला लावली की, आणि कोणी मशीनवर येऊन आवाज चढवून गेलं की हमखास. क्विटलाइनवरच्या, म्हणजे तंबाखू-सिगारेट सोडायला फोनवरून मदत करतात त्या मॅडमनी पहिल्याच फोनला विचारलं होतं की कधी ओढता आणि कुणाबरोबर ओढता, आणि त्या 'कुणाबरोबर' वर मी गप्पच झालो, कारण एकट्याने मी फार कमी ओढलीये. आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं सगळं बोलणं टपरीवरच होतं. कुणाचा ओव्हरटाइम बुडाला, कुणाच्या पोरीचं जमलं, गावाकडं पाऊस झाला का, सगळं तिथंच कळतं. मला भीती सिगारेट सुटायची नव्हतीच, हे सगळं सुटेल याची होती.

क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. २०१८ पासून पाकिटावर छापतात म्हणे, पण आमच्यातलं पाकीट घेतं कोण, सगळे एकेक सुट्टी सिगारेट घेणारे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि विडी विकायला बंदी आली ती यासाठीच, की सुट्टी घेणाऱ्याला ना पाकिटावरचा फोटो दिसतो ना नंबर. तरी टपरीवर अजून सुट्टीच मिळते. मला नंबर स्टोअरमधल्या काकांनी दिला, जुन्या जॉबकार्डाच्या मागं लिहून. ते स्वतः सोडून बसलेत. म्हणाले फोन कर, लाजू नको, मी पण केला होता.

गुरुवार

तलफेसाठी निकोटीनचा गम घेतो, त्याचं लिहून ठेवतो, कारण मी सुरुवातीला च्युइंग गमसारखा चघळत होतो आणि उचकी लागून पोटात मळमळायचं. काकांनी दाखवलं. थोडा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि हिरडी आणि गालाच्या मधे दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत थोडा चावायचा, असं अर्धा तास. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत काहीच नाही, आंबट तोंडात निकोटीन नीट उतरत नाही. २ एमजीचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा पाहिजे तर डॉक्टरकडं जावं लागतं.

दुसरं म्हणजे चहा. मला वाटायचं धडधड आणि झोप न लागणं हे सगळं सिगारेट बंद केल्याचंच आहे. मॅडमनी विचारलं चहा किती होतो, आणि मग समजावलं की धुरामुळं लिव्हर कॅफीन भराभर संपवतं, सिगारेट थांबली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणून आता कटिंगचा पण अर्धाच घेतो आणि रात्री अजिबात नाही. झोपेत फरक पडलाय. हे एवढं साधं आहे, पण आजपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, रात्री उशिरा

आज मन भरून आलं म्हणून लिहितोय.

जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम कॅन्टीनमध्येच बसून राहिलो होतो, तर दोघंजण आत आले आणि म्हणाले चल, आपण आधी चहा घेऊ, ज्यांना ओढायची ते नंतर ओढतील. टपरीच्या पलीकडं, जिथं ती जळती सुतळी टांगलेली असते ना, त्याच्या विरुद्ध बाजूला लिंबाखाली सगळे उभे राहिलो. टपरीवाल्या मामांनी न विचारता माझ्या हातात बडीशेप ठेवली. एक नवीन पोरगा म्हणाला घे रे, एकाने काय होतंय, तर आमच्यातला सगळ्यात जास्त ओढणारा जो आहे तोच त्याला म्हणाला, याला द्यायची नाही, यानं मागितली तरी द्यायची नाही. तलफ आलीच होती, खरं सांगतो, घशात अगदी ओढ लागली. काका शेजारी उभे राहून त्यांच्या गावच्या विहिरीचं काम सांगत बसले, पाणी कुठं लागलं, किती परस खाली गेले, आणि पाच-सात मिनिटांत ती उतरली. तलफ तेवढीच असते, पण ती पाच मिनिटं एकट्याने काढणं आणि कुणी शेजारी उभं असणं यात फार फरक आहे.

रात्री जेवणानंतर ताईचा फोन येतो, रोज. मीच तिला सांगितलं होतं, की त्या वेळेला मला बोलायला कुणीतरी लागतं. ती सिन्नरलाच असते. आई आयुष्यभर विड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं ओल्या फडक्यात, आणि मजुरी हजार विड्यांवर. शाळेतून आलं की दोरा बांधायला आम्ही दोघं. त्या घरातला तंबाखूचा उग्र वास आणि आईचा खोकला ताईला माझ्यापेक्षा जास्त आठवतो. ती मला कधी उपदेश करत नाही. भाजी काय केली, पोरं काय म्हणाली, एवढंच बोलते, आणि फोन ठेवताना विचारते, आज नाही ना? मी नाही म्हणतो. मग ती हं म्हणते, त्या हं साठी मी दिवसभर थांबू शकतो.

हेल्मेटच्या आतलं अस्तर काढून धुतलं आज, पाणी पिवळं निघालं. परत एकदा धुवावं लागेल.

मंगळवारी मॅडमचा पुढचा फोन येणारे. त्यांना लग्नाचं विचारायचंय. मावसभावाचं लग्न आहे, मंडपाच्या मागं सगळे भाऊ जमतात आणि पाकिटं फिरतात, तिथं सगळ्यात अवघड जाणार. नवरदेवाला मी आधीच फोन करून सांगून टाकलंय. तो म्हणाला, मग तू पंगतीला वाढायला उभा राहा, आणि जेवण झालं की वरातीत माझ्या घोड्याचा लगाम तू धर, दोन्ही हात गुंतलेले राहतील. मी हो म्हटलंय. काकांना पण घेऊन जाणार आहे बरोबर, ते यायला तयार आहेत.