आबांचं घड्याळ

आज मालवणच्या घरी ओटीवर बसून आबांच्या एचएमटी जनताचा पट्टा काढला. वर्षानुवर्षं खारा वारा आणि घाम खाऊन आतली स्प्रिंगची पिन पार गंजलेली. जोर केला असता तर पट्टा अडकवायचे कानच ओरबाडले असते. म्हणून कालच कानांना चिकटपट्टी लावली, सुईच्या टोकाने तेलाचा एकच थेंब पिनच्या टोकाशी सोडला, रात्रभर ठेवलं. कातडं कुजलेलंच होतं, ब्लेडने कापलं. मग उघड्या पिनचा खांदा बारीक स्क्रूड्रायव्हरने आत दाबत राहिलो. तिसऱ्यांदा ‘टक्’! बोटावर तांबूस भुकटी, घड्याळावर एक चरा नाही. आता पट्टा नायलॉनचा घेणार, इथल्या पावसात चामड्याला बुरशी धरते. चावी दिली, कानाशी धरलं. चालतंय हो!