मिथ्राचं देऊळ ओळखताना: आधी ओटे, मग बैल

मिथ्रा म्हणजे रोमन साम्राज्यात पूजला जाणारा, बैल मारणारा देव, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. जागेवर मात्र आधी ओटे शोधावेत. लांबट, अंधारी, गुहेसारखी खोली, बहुधा काही पायऱ्या उतरून आत जायची. मधून अरुंद वाट, दोन्ही अंगांना भिंतीलगत रुंद ओटे, टोकाला बैलवधाचं शिल्प. इतर रोमन देवळांत मूर्ती आत आणि माणसं बाहेरच्या वेदीपाशी. इथे सगळे आत, ओट्यांवर कलंडून एकत्र जेवणारे. म्हणूनच खोली बेताची, वीस ते चाळीस जणांपुरती. शिल्प फुटलं किंवा कुणी उचलून नेलं तरी ओटे जागचे हलत नाहीत.

शिल्प मिळालंच तर क्रमाने वाचावं. मिथ्राचा डावा गुडघा बैलाच्या पाठीवर, डाव्या हाताची बोटं नाकपुड्यांत, उजव्या हातातला सुरा खांद्यापाशी. जखमेकडे झेपावणारे कुत्रा आणि साप, वृषणांना डसलेला विंचू, शेपटीच्या टोकाला गव्हाची कणसं. वर आपल्या डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. बाजूला दोन मशालधारी: मशाल वर धरतो तो काउतेस, खाली धरतो तो काउतोपातेस. फसगत इथेच होते. दोघांचा वेश सारखा, ओळख फक्त मशालीवरून. आणि तुटलेले हात नंतरच्या शतकांत मूर्तिकारांनी आपल्या अंदाजाने जोडलेले असतात. संग्रहालयात मनगटाशी सांधा दिसला तर नाव ठरवायची घाई करू नये. बैल मारणारीला पंख असतील तर ती विजयदेवता, मिथ्रा नव्हे.

या देवळांत बैल कापत आणि त्याच्या रक्ताने न्हात, ही समजूत आता सोडायला हवी. ते रक्तस्नान महामाता म्हणजे सिबेली देवीच्या पंथातलं. बेल्जियममधल्या टीनेन इथे मेजवानीनंतर भरलेल्या खड्ड्यांत किमान 285 कोंबड्या, 14 कोकरं आणि 10 डुकराची पिलं यांची हाडं निघाली. जनावरांच्या वयावरून ती मेजवानी जूनअखेरच्या सुमाराची ठरते.

नावाबद्दलही सावध राहावं. वेदांतला मित्र आणि हा मिथ्रा एकाच इंडो-इराणी शब्दाचे. पण बैलवधाचं एकही शिल्प इराणात मिळालेलं नाही. ते रोमन जगातच घडलं.

भक्त दीक्षेच्या सात पायऱ्या चढत. रोमचं जुनं बंदर ओस्तिया इथे, फेलिचिस्सिमुस या भक्ताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिथ्राच्या देवळात त्या जमिनीवरच शिडीसारख्या मांडल्या आहेत: कावळा, नवरदेव, सैनिक, सिंह, पर्शियन, सूर्यदूत, पिता. सिंहाच्या चौकटीत निखाऱ्याचं फावडं आहे, कारण सिंह अग्नीचा. सिंह होणाऱ्या भक्ताचे हात दीक्षेच्या वेळी पाण्याने नव्हे, मधाने धुत. पाणी अग्नीचं वैरी. मात्र बहुतेक शिलालेखांत पायरी लिहिलेलीच नसते. नाव, हुद्दा आणि शेवटी व्ही एस एल एम ही चार अक्षरं, म्हणजे नवस आनंदाने फेडला. उत्तर इंग्लंडात, रोमनांनी सरहद्दीवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ, कॅरोबरोला अशा तीन वेद्या रोमन सैन्यातल्या बटावियन तुकडीच्या अधिकाऱ्यांनी उभारल्या. एकीवर देवाच्या मुकुटाचे किरण आरपार कोरले आहेत. मागच्या कोनाड्यात दिवा ठेवला की उजेड त्यांतून पुढे येई.

भक्तांच्या सर्वांत जवळ नेतो तो ऑस्ट्रियातल्या विरूनुमचा कांस्यपट. कोसळलेलं देऊळ स्वखर्चाने पुन्हा बांधणाऱ्या 34 जणांची नावं त्यावर आहेत. सन 184 च्या 26 जूनला ते मृत्यूच्या कारणाने जमले, असं पट सांगतो. बहुधा साथीचे दिवस होते. पाच नावांशेजारी मृताची खूण आहे. पुढे त्याच पटावर दरवर्षी नवी नावं कोरली गेली, एकूण 98 होईपर्यंत.