पांढरी पाचचा अनाहूत सूर

विजेवरच्या गिटारचा कार्यक्रमातला पहिला सूर वादक छेडत नाही. जॅक खोचून अ‍ॅम्पचा आवाज वाढवला की तो आपोआप उमटतो. बडोद्यात दांडिया बाजाराच्या एखाद्या गल्लीतल्या गणपती मंडपात भावगीतांचा कार्यक्रम असावा, निवेदक माईकवर बोट आपटून पाहत असावा आणि मंचाच्या कोपऱ्यातून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू व्हावा, की पुढच्या रांगेतल्या माना थेट गिटारवाल्याकडे वळतात. नवरात्रात मोठ्या मैदानावर याच गिटारची हीच घूं ढोलाच्या दणक्यात कोणाच्या गावीही नसते. भावगीतात मात्र दोन ओळींमधली शांतता गायकाइतकीच महत्त्वाची असते, आणि ही घूं नेमकी तिथेच येऊन बसते.

त्यातून हे शहर तयार कानांचे. गायक मौलाबक्षांच्या देखरेखीखाली सयाजीरावांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली, तेव्हापासून घरोघरी कोणी ना कोणी पेटी किंवा तबला घेऊन बसत आले आहे. आमच्या कार्यक्रमात पेटीला बसणाऱ्या काकांनी एकदा भात्यावरचा हात थांबवला, मान तिरपी करून ऐकले आणि मला विचारले, “अरे, हा पांढरी पाचमध्ये कोण गातोय? आणि तोही किंचित चढा?” पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, आणि काकांचे निदान अचूक होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि पांढरी पाचचा अतिखर्जातला सूर ४९ कंपनांचा असतो; त्यामुळे आपल्या देशातली प्रत्येक घूं पांढरी पाचच्या आसपासच, पण जराशी वर लागते. गायकाने काळी एकमध्ये षड्ज धरला असेल, तर ती तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली अशी अधांतरी लोंबकळते. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्यामुळे तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी पडते, पण त्याचे समाधान दांडिया बाजारात बसून कोणाला होणार?

या घूंचे मूळ पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या गिटारवरच्या भागात आहे. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात आणि वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. पण जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थरथरले तरीही वीज उमटतेच, आणि यातले कोणते थरथरणे संगीताचे आहे हे पिकअपला कळत नाही. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच्या तोडग्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन गुंडाळ्या एकमेकींना उलट जोडलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवलेले असतात, त्यामुळे बाहेरची घूं आपसांत कटते आणि तारांचा सूर मात्र एकवटतो. हंबकर नावाचा हा तोडगा मला मान्य आहे, तरीही एकेरी गुंडाळीच्या पिकअपचा लखलखीत स्वर सोडवत नाही, आणि त्या हट्टाची किंमत मी घूं ऐकून मोजतो.

हे दुखणे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. तारांवर तळहात ठेवताच आवाज उतरला, तर गिटारच्या आतले आवरण कमी पडते आहे असे समजावे आणि पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवावी. गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी सावकाश वळल्यावर आवाज कमीजास्त झाला, तर तो चुंबकीय क्षेत्राचा आहे. एका विशिष्ट कोनात तो जवळजवळ नाहीसा होतो. तो कोन सापडला की मी तिथेच उभा राहतो, मग श्रोत्यांना माझा अर्धा खांदाच दिसला तरी बेहत्तर. गिटारवरची आवाजाची कळ शून्यावर नेऊनही घूं तशीच राहिली, तर मात्र संशय अर्थिंगवर घ्यावा.

मंडपात हे हमखास होते, कारण वीज कुठून कुठून आलेली असते. मिक्सर मंडपाच्या बोर्डावर असतो आणि समोरच्या घरातल्या मावशी आपुलकीने खिडकीतून वायर सोडतात म्हणून गिटारचा अ‍ॅम्प त्यांच्या घरच्या विजेवर असतो. दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या विद्युतदाबात थोडा फरक असतो, त्यामुळे ऑडिओ केबलच्या आवरणातून वीज वाहू लागते आणि घूं जन्माला येते. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घेणे, किंवा गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स ही जोडणीची डबी ठेवून तिचे ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे केबलमधून होणारी अर्थिंगची जोडणी तोडणारे बटण दाबणे, हे यावरचे खरे उपाय आहेत. प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा झटपट उपाय काही साउंडवाले सुचवतात आणि घूं त्याने थांबतेही, पण त्या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे भर मंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. माईकपाशी गेल्यावर ओठाला मुंग्या आल्या, तर गाणे थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन मीठ आणि कोळसा भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कार्यक्रमाआधी बादलीभर पाणी ओततो. पाहणाऱ्यांना तो झाडाला पाणी घालतो आहे असे वाटते, पण माझा जीव त्या बादलीवर भरवसा ठेवून असतो.

नॉईज गेट नावाचे पेडलही मिळते. ते हलका आवाज दाबून टाकते, पण भावगीताच्या शेवटी विरत जाणारा सूरही त्याला हलकाच वाटतो आणि तो मध्येच तुटतो. त्यापेक्षा दोन गाण्यांच्या मध्ये कळ शून्यावर नेण्याची बोटांना लागलेली सवय मला जास्त विश्वासाची वाटते.

लुकलुकणाऱ्या माळांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरची चरचर मात्र वेगळीच असते, कारण डिमर विजेची लाट मधूनच कापतो आणि त्या कापातून उंच सुरांचा भुगा उडतो. गाण्यापुरता तो बंद करावा, अशी मी गेल्या वर्षी माळांवाल्याला विनंती केली. “भाऊ, लोक लायटिंग बघायला येतात,” असे म्हणून त्याने गिटारबद्दल काही बोलण्याचे सौजन्याने टाळले. शेवटी डिमर मंचाच्या पलीकडच्या टोकाला गेला, माळांना वेगळा फेज मिळाला, माझी केबल त्यांच्या वायरला समांतर न जाता काटकोनात ओलांडून गेली आणि चरचर बरीच उतरली. काकांनी एकदा मान तिरपी करून ऐकले आणि पेटीवर काळी एक दाबली.