फ्लिंट हिल्स डबलसीट: के-177 जरूर करा, टीटर रॉकला बाइक नेऊ नका

आधी निकाल सांगून टाकतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांतून जाणारा के-177 हा रस्ता डबलसीट करण्यासारखा आहे, त्यासाठी मुद्दाम वीकेंड काढा. तिथल्याच टीटर रॉक या टेकडीवरच्या उभ्या दगडाची वाट मात्र जड क्रूझरवर, मागे माणूस बसवून, करू नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

आमच्याकडे बाइक बायको चालवते आणि मी मागे बसतो, त्यामुळे हे सगळं मागच्या सीटवरून. अशा रूट्सची वर्णनं बहुतेक पुढे बसणाऱ्यांची असतात आणि त्यांत माकडहाड नावाचा अवयवच नसतो. या भागाबद्दल तर सगळ्यांचं एकच पालुपद: कॅन्सस सपाट आहे, रस्ता सरळ आहे, मागचा झोपला तरी चालेल. सपाट हे साफ खोटं. गवताचे उंचवटे एकामागून एक येतच राहतात. आणि झोपेचं म्हणाल, तर खाली वाऱ्याबद्दल लिहिलंय ते वाचा.

शनिवारी कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कहून यूएस-56 ने काउन्सिल ग्रोव्ह गाठलं. हा सांता फे ट्रेल या जुन्या व्यापारी वाटेचाच पट्टा. बर्लिंगेम गावात मुख्य रस्ता अजून विटांचा आहे, तेवढा जरा खडखडतो. बाकी दिवस निवांत गेला, सांगण्यासारखं काही नाही. मुक्काम काउन्सिल ग्रोव्हला करा आणि सकाळी निघताना तिथेच टाकी फुल करा.

के-177 चा काउन्सिल ग्रोव्ह ते कॅसोडे हा तुकडा साधारण 47 मैलांचा, म्हणजे 75 किलोमीटर. वाटेत स्ट्राँग सिटीच्या थोडं अलीकडे टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह लागतं. 1996 साली झालेलं, आत जायला पैसे पडत नाहीत. माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या गवताची ही प्रेअरी एकेकाळी अर्ध्या मिडवेस्टभर होती. आज चार टक्केसुद्धा उरलेली नाही, आणि उरली आहे त्यातली बरीचशी इथे. कारण साधं आहे. मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडीत गारगोटी ठासून भरलेली, त्यामुळे नांगर चालला नाही. लोकांनी शेती सोडून गुरं चारली. ही गारगोटी लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी गाठ आहे. बायसन (अमेरिकेतले रानगवे) पाहायचे तर बूट घालून चालत जावं लागतं. 2009 मध्ये आणून सोडलेले आहेत. शंभर यार्डांच्या आत जायचं नाही आणि हेल्मेट हातात धरून फोटो काढायच्या भानगडीत पडायचं नाही.

पुढच्या कॉटनवुड फॉल्स गावातलं 1873 चं कोर्ट बाहेरूनच पाहिलं. लाल छताची इमारत सुंदर आहे, त्यात अजून कामकाज चालतं. पण तोवर माझं डोकं वाऱ्याने भणाणलेलं होतं.

तर वारा. झाड नाही, घर नाही, आडोसा नाही. पुढच्याला विंडशील्ड असते. तीच हवा वर उचलली जाऊन मागच्याच्या हेल्मेटवर येऊन आपटते. मागची सीट उंच, त्यात मी बायकोपेक्षा चांगला वीतभर उंच, म्हणजे वाऱ्याच्या बरोबर तोंडी. रस्ता दक्षिणेला जातो आणि वाराही बऱ्याचदा तिकडूनच येतो, तोवर ठीक. वळण आलं की तोच वारा आडवा होतो. समोरून गुरांचा ट्रेलर आला की क्षणभर वारा थांबतो आणि ट्रेलर गेला की सणसणीत चपराक बसते. अशा वेळी मागच्याने स्वतःला सावरायला जाऊ नये. गुडघे आवळा, पुढच्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरा आणि बाइक जिकडे कलेल तिकडे मुकाट्याने कला. मी पहिल्या दोन झटक्यांना उलट्या बाजूला झुकलो, तेव्हा इंटरकॉमवर "अरे, तू पोतं हो ना!" असं ऐकावं लागलं. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, भाषेचं आमचं आम्ही बघून घेऊ.

हेल्मेट फुल-फेसच. कॅन्ससमध्ये अठरा वर्षांवरच्यांना हेल्मेटची सक्ती नाही आणि बिनहेल्मेटची मंडळी तुम्हाला भरपूर दिसतील. दिसू देत. कानात इअरप्लग घाला. बॅकरेस्ट नसलेल्या बाइकवर हा रस्ता डबलसीट करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

पेट्रोलचा एक सापळा आहे. नकाशावर मॅटफील्ड ग्रीन नावाचा सर्व्हिस एरिया दिसतो. तो टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर आहे, के-177 वरून तिथे शिरता येत नाही. त्याच नावाच्या गावात पन्नासेक माणसं असतील, तिथे पंपाची आशा धरू नका. खाण्याचंही तसंच. शाकाहारी असाल तर डायनरमध्ये ग्रिल्ड चीज सँडविच आणि गोड पाय (pie) यावर भागवावं लागेल. तिथल्या बिस्किटांवरच्या (म्हणजे मऊ पावांवरच्या) ग्रेव्हीत सॉसेज असतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तीच कामी आली.

आता टीटर रॉक. कॅसोडेच्या पूर्वेला टेकडीवर हा उभा दगड आहे. पूर्वी तिथे दगडांची रास होती, कॉटनवुड नदीकडे निघालेल्या लोकांना वाट कळावी म्हणून रचलेली. आताचा दगड 1954 साली बसवलेला. ओळखीतल्या एकाने सांगितलं होतं, "मस्त कच्चा रस्ता आहे, काही त्रास नाही." नंतर चौकशीत कळलं की गृहस्थ पिकअपने गेले होते.

रस्ता कच्चा नाही, खडीचा आहे, आणि खडी म्हणजे तीच गारगोटी. फुटली की धार येते. ग्रॅव्हलवर सायकली पळवणारे एम्पोरियाच्या आसपासच्या या दगडांना टायर कापणारे म्हणून ओळखतात. आम्ही पंक्चर झालो नाही, पण जाताना-येताना कान मागच्या टायरकडेच होते, कारण माझं सगळं वजन त्याच्यावर. गाड्यांच्या चाकांनी दोन बऱ्यापैकी पट्टे पडलेले असतात, त्यांतून निघालात आणि मधल्या सुट्या खडीवर आलात की हँडल पाण्यात असल्यासारखं पोहायला लागतं. पुढच्याला निदान हँडल असतं. मागच्याला फक्त पुढच्याचं जॅकेट.

त्यात कॅटल गार्ड. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी पाइप, मध्ये चार-चार बोटांच्या फटी. बाइकवरून सरळ, न थांबता, ब्रेक न लावता गेलं तर काही होत नाही. पण उतारांवर बायकोने मला उतरवलं. "तू चालत ये, मी खाली थांबते." म्हणजे भर दुपारी, सावलीचा पत्ता नसताना, रायडिंग बूट आणि जॅकेट चढवून मी खडीतून चालतोय, आणि पुढ्यात कॅटल गार्ड. बुटाचा कडक तळवा गोल पाइपवर टिकत नाही. पाऊल आडवं टाका, म्हणजे तळव्याखाली दोन पाइप येतील. कुंपणापलीकडे म्हणावं तर कुंपणच नाही, गाई रस्त्यातच उभ्या. त्या काही करत नाहीत, पण हटतही नाहीत. हॉर्न वाजवू नका, कळपच्या कळप सैरावैरा धावतो.

दगडापाशी पोचल्यावर चारी दिशांना फक्त गवत दिसतं आणि ते अफाट आहे, हे कबूल. पण परतीची तीच खडी डोक्यात असताना अफाटपणा नीट बघवत नाही. कार काढा, उंच असेल तर उत्तम, आदल्या दिवशी पाऊस नसेल तेव्हा जा. मग खुशाल तासभर बसा.

हंगामाचं सांगायचं तर मार्च-एप्रिल टाळा. शेतकरी कुरणं जाळतात, धूर थेट रस्त्यावर येतो आणि हेल्मेटच्या आत साठतो. गवत पुरुषभर बघायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. कॅसोडेला बहुतेक महिन्यांत पहिल्या रविवारी बाइकवाल्यांची जत्रा भरते. गर्दी आवडत असेल तर तो दिवस धरा, नसेल तर चुकवा. परत येताना टर्नपाइकने सरळ एम्पोरिया गाठायचा मोह होतो. जुलै 2024 पासून तिथे रोख टोल बंद आहे, नंबर प्लेटवरून बिल घरी येतं, आणि ट्रान्सपाँडर (टोल आपोआप कापणारा टॅग) नसेल तर दर जवळपास दुप्पट. पैशापेक्षाही, 75 मैल वेगमर्यादेच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या शेजारून दमलेल्या मागच्याला नेऊ नये. के-177 नेच उलटं स्ट्राँग सिटीपर्यंत या आणि यूएस-50 पकडा. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील.