वाऱ्यातला गुलमर्ग

आज गुलमर्गला स्कीइंगला एकटाच होतो. सोबतचे दोघे कालच श्रीनगरला उतरले. सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेतच कळलं, वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद. म्हणजे अफरवटच्या डोंगरावरची जवळपास ४,००० मीटरची उंची आज नाही, कोंगडोरीच्या मधल्या स्थानकापर्यंतच जायचं. थोडं वाईट वाटलं. पण वर पाहिलं तर डोंगराच्या धारेवरून बर्फाचा पांढरा पट्टा नुसता उडत होता. हाच उडालेला बर्फ आडोशाच्या उतारावर थर होऊन बसतो आणि तोच थर पुढे हिमस्खलनात सुटतो. बंद ठेवलं ते योग्यच केलं.

कोंगडोरीला उतरलो आणि वाऱ्याने गालावर सुया टोचल्या. उघड्या भागातला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने खरवडून नेलेला, खाली काचेसारखा कडक थर. स्कीच्या कडा त्यावर करकरत होत्या, प्रत्येक वळणाला मांड्या भरून येत होत्या. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा एक स्की सुटून वीसेक फूट खाली गेली. ती आणायला गुडघाभर बर्फातून चालत गेलो, तेव्हा जाणवलं की हाक मारावी असं आज कुणीच नाही.

मग सूचिपर्णी झाडीत शिरलो आणि वारा एकदम वरच राहिला. शेंड्यांतून घोंगावत होता, खाली मात्र शांत. फांदीवरून बर्फाचा एक गोळा सुटला, धप्प. मी तिथेच थांबलो, हातमोजा काढून खिशातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. आईने दिलेला, थंडीने दगड झालेला. असा लाडू मी आजवर खाल्ला नव्हता.

उद्या वारा पडला तर अफरवट.