८०० चा ऑईल लीक सापडला एकदाचा, तोही वरती

गाडी आपली तीच, वडिलांची १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच १९ पासिंग. २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तीनदा आरसी रिन्यू करून झालीये आणि २०२७ ला परत करायचीच आहे, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत मी काही सोडून देत नाही. होळीपासून गाडीखाली रोज सकाळी तेल पडलेलं दिसायला लागलं. आधी दोन थेंब, मग एप्रिलमध्ये जळगावचं ऊन ४३ च्या वर गेलं तसा वाटीएवढा डाग. हजार किलोमीटरला जवळपास अर्धा लिटर तेल वरून टाकावं लागत होतं, आणि या इंजिनात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास तेल बसतं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

गॅरेजला दाखवली. त्यांनी लिफ्टवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जॉईंटला बोट लावलं, बोट काळं झालं, आणि लगेच सांगितलं की क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, तेल अडवणारं मागचं ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, साडेचार हजार मजुरी, पार्ट वेगळे. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या खालच्या टोकातून थेंब पडत होता हे खरंच होतं, मी पण बघितलं. पण मला एक गोष्ट पटेना. मागचं सील एवढं गळत असतं तर तेल क्लचवर उडायला पाहिजे, क्लच स्लिप व्हायला पाहिजे, चढावर जळका वास यायला पाहिजे, आणि माझा क्लच एकदम व्यवस्थित पकडत होता. गिअर ऑईल असेल का म्हणून थेंब बोटावर घेऊन वास पण घेतला, गिअर ऑईलला तो गंधकासारखा उग्र वास असतो तसा नव्हता, साधं काळं इंजिन ऑईलच होतं. म्हटलं थांबा, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी घरी एकदा नीट बघू.

आमच्या गल्लीत आप्पा आहेत, मूळचे पारोळ्याकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मी गाडीखाली पाठीवर पडून टॉर्च मारत होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आरे भो, तेल पडस खाले, पन निंघस वरथीन. वर दख पहिले." म्हणजे तेल पडतं खाली, पण निघतं वरून, आधी वर बघ. बास, तिथून कामाची दिशाच बदलली.

पहिलं काम, धुणं. हे काम लोक टाळतात आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसतात, माझं स्पष्ट मत आहे की इंजिन धुतल्याशिवाय लीक शोधूच नये, कारण सत्तावीस वर्षांच्या चिखल-तेलाच्या थरात नवीन ओल कुठली आणि जुनी कुठली हे कोणालाच कळणार नाही. थंड इंजिन, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, कार्ब्युरेटर, कॉईल आणि डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना आळीपाळीने करंट वाटतो तो) टोपी प्लॅस्टिकने बांधून घेतली, आणि जुना दात घासायचा ब्रश, पेंटचा ब्रश आणि दोन लिटर डिझेल घेऊन सगळं वरून खाली घासलं. दोन तास गेले. मग साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात सुकवलं, आपल्याकडे मे मध्ये सुकायला वीस मिनिटं पुरतात.

सुकल्यावर घरातली साधी टाल्कम पावडर एका सुती फडक्यात बांधली आणि टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्या कडेला, डिस्ट्रिब्युटरखाली, ऑईल फिल्टरच्या आजूबाजूला, खालच्या तेलाच्या चेंबरच्या पॅकिंगवर आणि बेल हाऊसिंगवर थोपटली, बेल्टच्या बाजूला मात्र अजिबात नाही. आणि गाडीखाली केळीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून टाकला, त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा मार्करने आखल्या. हे आखणं महत्त्वाचं आहे बरं का, त्यामुळे दरवेळी गाडी त्याच जागी उभी राहते आणि थेंब कुठल्या भागाखाली पडला ते बरोबर कळतं.

गाडी चालू करून पंखा लागेपर्यंत आयडलवर ठेवली, काहीच नाही. मग हायवेने पाळधीपर्यंत जाऊन आलो, बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हर कोरडं. फिल्टर कोरडा. आणि दाढीचा आरसा हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आत घातला तर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पांढऱ्या पावडरीत बोटभर लांबीची तपकिरी रेघ, एकदम बारीक, हेडवरून सरळ खाली बेल हाऊसिंगवर उतरलेली. तिथून ते तेल हाऊसिंगच्या कडेने फिरून खालच्या टोकाला जमत होतं आणि तिथून टपकत होतं. म्हणजे बघणाऱ्याला मागचं सीलच वाटणार.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालतो आणि हेडमध्ये बसतो, मधे तेल अडवायला फक्त एक रबरी ओ-रिंग. ती एवढी वर्षं गरम हेडला चिकटून शेकत राहते. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर एका रेषेत नेलपॉलिशची खूण केली, टोपी काढून आतला फिरता रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो घेतला, मगच दहाच्या पान्याने बोल्ट सोडला. ओ-रिंग नखाने ओढायला गेलो तर ताणलीच नाही, काचेच्या बांगडीसारखी कट्कन दोन तुकडे. खोबण पण नुसती काळ्या कचऱ्याने भरलेली, आणि कोणीतरी कधीतरी वरून सिलिकॉन फासून ठेवलेलं, त्याचे लोंबते तुकडे तसेच. सिलिकॉन खरडून काढलं, खोबण साफ केली, अजिंठा चौफुलीकडच्या दुकानातून आणलेली ओ-रिंग, तीस रुपयांची, तेलाचं बोट लावून बसवली. खूण जुळवून फिट केलं आणि मित्राकडच्या टायमिंग लाईटने ठिणगीचं टायमिंग परत तपासलं, खूण केली तरी हे तपासायचंच.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशी पण कोरडा. मग रविवारी घरच्यांना घेऊन पद्मालयाला जाऊन आलो, गणपतीचं दर्शन झालं, येताना एरंडोलला रसवंतीवर थांबलो, आणि सोमवारी सकाळी पुठ्ठ्यावर परत दोन थेंब! पण यावेळी जागा वेगळी. आखलेल्या चाकांच्या खुणांवरून लगेच कळलं की हे गिअरबॉक्सखाली नाहीत. बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात ताजी ओल, जिथे परवा पावडर कोरडी होती.

आता एक भोक बंद केल्यावर दुसरं का उघडलं? आत प्रेशर साठत असणार. इंजिन चालू ठेवून तेल टाकायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ कॅरीबॅग हाताने धरली, ती फुग्यासारखी टम्म फुगली. तेव्हा पोटात गोळा आला, पिस्टनच्या रिंगा गेल्या की काय. पण आधी टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा पाईप काढून फुंकर मारली, हवा जवळपास जाईचना. आतून रबर फुगून मऊ पडलेलं आणि वर तेलाचा घट्ट गाळ, उजेडाकडे धरलं तर सुईएवढं भोक दिसत होतं. इंजिनातली वाफ बाहेर पडायला वाटच नाही, मग ती जिथे पॅकिंग कमजोर तिथून तेल ढकलणार. नवीन पाईप टाकला, एअर फिल्टरकडचं तोंड साफ केलं, परत कॅरीबॅग धरली, ती लुळी पडून राहिली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. टॅपेट कव्हरचं पॅकिंग त्याच हाताने बदललं, बोल्ट फार आवळले नाहीत, जास्त आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि परत गळतं.

आज बावीस दिवस झाले, आठशे किलोमीटर, त्यात धुळ्याची एक फेरी भर दुपारची. डिपस्टिकवर तेल जिथल्या तिथे आहे. आप्पांना पुठ्ठा नेऊन दाखवला, त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि नुसती मान हलवली.

बाकी राहिलं ते टायमिंग बेल्टच्या बाजूचं. तिथे कव्हरच्या खालच्या कडेला जराशी ओलसर धूळ चिकटलेली आहे, थेंब नाही. बेल्ट बदलायला दिवाळीनंतर उघडणार आहे, तेव्हा कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील दोन्ही एकदमच टाकीन. पुठ्ठा तोपर्यंत गाडीखालीच राहील.