समिती मुलांची, आराखडाही मुलांचा : माझा अनुभव

आमच्या प्राथमिक शाळेने ‘इको-स्कूल्स’ या शाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण उपक्रमात भाग घ्यायचं ठरवलं आणि समन्वयाचं काम माझ्याकडे आलं. १९९२च्या रिओ वसुंधरा परिषदेनंतर ही कल्पना आकाराला आली, १९९४ मध्ये युरोपातल्या चार देशांत सुरू झाली आणि आता जगभर पसरली आहे. टप्पे सात आहेत. मुलांची समिती, शाळेची पाहणी, कृती आराखडा, देखरेख, अभ्यासक्रमाशी सांगड, सर्वांचा सहभाग आणि शेवटी शाळेची पर्यावरण संहिता. ते पूर्ण झाले की शाळेला ‘हिरवा झेंडा’ हा सन्मान मिळतो.

समितीसाठी हुशार, चटपटीत मुलं शिक्षकांनीच निवडावीत, असं काहींचं म्हणणं होतं. मी मतदानाचा आग्रह धरला. प्रत्येक वर्गातून दोघं निवडून आली, पहिलीतूनसुद्धा. अध्यक्ष मूल, इतिवृत्त लिहिणारं मूल, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत.

खरी मजा पाहणीत आली. मुलं वही-पेन्सिल घेऊन शाळाभर फिरली. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात किती दिवे चालू, कुठला नळ गळतो, कुठल्या टोपलीत काय पडतं, सगळं त्यांनी टिपलं. एक नळ सेकंदाला साधारण एक थेंब गळत होता. “एवढ्याशा थेंबाने काय होतं?” असं एकाने विचारलं, तेव्हा आम्ही गणिताचा तास तिथेच घेतला. दिवसाचे सेकंद ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी. मग दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, सुट्टीच्या दिवशी पण नळ गळतच असेल ना?” त्यावर सगळी समिती पुन्हा गुणाकाराला बसली.

कचऱ्याचंही तसंच. हातमोजे घालून, जुन्या चादरीवर टोपल्या रिकाम्या करून मुलांनी कचरा वेगळा केला आणि वजन केलं. प्लॅस्टिकच जास्त निघणार, अशी सर्वांची खात्री होती. जड भरला तो कागद, आणि त्यातला बराचसा एका बाजूने कोरा.

आराखडा ठरवताना सौर पॅनेलपासून तळ्यापर्यंत सगळं यादीत आलं. मुलांनी प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न लावले : हे आपल्याला जमेल का? मोजता येईल का? कोण, कधी करणार? वृक्षारोपण तिसऱ्या प्रश्नावर अडलं, कारण लांब सुट्टीत पाणी घालायला कोणी नव्हतं. मोठ्यांपैकी काहींना रोपं लावायचीच होती. मला मुलांचं पटलं. पाण्याची सोय नसताना रोप लावणं म्हणजे ते मरायला ठेवणं, आणि मुलांना हे लगेच कळलं. नळ, दिवे आणि पाठकोरे कागद, एवढेच विषय राहिले.

नळाबद्दल त्यांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. त्यात विनवणी जवळजवळ नव्हती, आकडेमोड होती. वायसर बदलले गेले. पाठकोऱ्या कागदांसाठी प्रत्येक वर्गात खोका आला. दिव्यांची पाळी आठवड्याला बदलू लागली.

देखरेखीच्या टप्प्याला बहुतेक जण वरवर उरकतात, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. परीक्षेच्या आठवड्यात रद्दीचं वजन एकदम वाढलं आणि मुलं हिरमुसली. मी उत्तर दिलं नाही, तक्ता पुढे ठेवला. त्या आठवड्यात सरावाचे कागद जास्त होते, हे चौथीतल्या मुलांनीच शोधलं. यापुढे परीक्षेच्या आठवड्याची तुलना परीक्षेच्याच आठवड्याशी करायची, हा नियम त्यांनीच केला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी आकड्यांशी इतकं प्रामाणिक राहावं, याचा मला फार अभिमान वाटला.

मूल्यांकनासाठी आलेल्या पाहुण्यांनी माझ्याशी थोडंच बोलून मुलांना गाठलं. नळाचा हिशेब दुसरीतल्या त्याच मुलीने सांगितला, सुट्टीचे दिवस धरून. झेंडा मिळाला.

पुढच्या वर्षीसाठी समितीतली निम्मी मुलं कायम ठेवली, म्हणजे नव्यांना वजनकाटा आणि नोंदवही जुनीच मुलं शिकवतील. पहिल्या बैठकीचा विषयही त्यांनी आधीच लिहून ठेवला आहे : ‘वाचनखोलीतले दिवे दुपारी का लागतात?’